बोलका डबा मुका झाला तेव्हा

मार्कस तुस्कानोने डोळ्यांचं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही सांगितलं ते तिनेच धरल्यावर. एका सकाळी तो चहा ओतत होता आणि चहा कपाच्या शेजारी पडत होता. त्याची बायको ग्लॅडिस आखातातल्या मनामा शहरात एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती. तिने किटली त्याच्या हातातून काढून घेतली, त्याची हनुवटी खिडकीकडे वळवली आणि बोट कानापासून हळूहळू पुढे आणलं. बोट नाकासमोर येईपर्यंत मार्कसला ते दिसलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"थोडे दिवस."

थोडे दिवस नव्हते. हिद्दला जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता, आणि गोदामातल्या पाट्या वाचता येईनाशा झाल्या तेव्हापासून त्याने सगळे रॅक पाठ करून टाकले होते. कुठला व्हॉल्व्ह कुठे, कुठलं पॅकिंग कितव्या फळीवर, हे तो हाताने चाचपून सांगत असे. लोक त्याच्या स्मरणशक्तीचं कौतुक करत. त्याला काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपायचं. पण जपायला फारसं उरलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला खिडकी कुठे आहे तेवढंच उजेडावरून कळे.

ग्लॅडिस त्याच्यावर रागावली नाही. ती स्वतःवर रागावली. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत टॉर्च मारायची आणि एकाच पलंगावर झोपणाऱ्या माणसाचं कळू नये, हे तिला आतून खात राहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गुदैबियातल्या दोन खोल्यांत ती दोघंच होती, आणि आता त्यातला एक जण भिंत धरून चालत होता.

कंपनीचा मॅनेजर गुरुप्रसाद मंगळूरचा होता, वाईट माणूस नव्हता. त्याने मार्कसला बोलावून हिंदीत सांगितलं, "देखो मार्कस, गोदाम तुमसे नहीं होगा। लेकिन कंप्यूटर पे स्टॉक की एंट्री कर सको तो मैं मालिक से बात करता हूँ।" व्हिसा नोकरीवर होता. नोकरी गेली की महिनाभरात देश सोडायचा, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

स्टॉकचा प्रोग्राम ऑफिसातल्या एका मोठ्या युनिक्स मशीनवर चाले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मार्कसने तो नऊ वर्षं वापरला होता. प्रश्न एवढाच होता की ती अक्षरं त्याला कोण वाचून दाखवणार.

उत्तर ऑस्विनने आणलं. ऑस्विन वसईजवळच्या नंदाखालचा, मार्कसच्याच वयाचा, मनामात एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा. चर्चमध्ये शुक्रवारच्या मिसाला दोघांची भेट व्हायची. त्याने सांगितलं की इंटरनेटवर आंधळ्या लोकांचा एक गट आहे, ते सगळे लिनक्स वापरतात, आणि त्यांच्यात कॉम्प्युटरला जोडायचे बोलणारे डबे असतात.

"विंडोजवर का नाही?" मार्कसने विचारलं.

"विंडोजवर सगळी चित्रं. तुझ्या ऑफिसचा प्रोग्राम नुसत्या अक्षरांचा आहे. लिनक्सपण अक्षरांवर चालतं. जिथे अक्षर आहे तिथे डबा बोलतो."

त्या गटातल्या स्कॉटलंडच्या एका म्हाताऱ्या आंधळ्या मास्तरांनी स्वतःचा जुना डबा पोस्टाने पाठवून दिला. विटेएवढा, एका बाजूला वायर, पुढे स्पीकरची जाळी, इअरफोनसाठी एक भोक. कंपनीने अडगळीतला एक कॉम्प्युटर घरी न्यायला दिला. सीडी ऑस्विनने आणली, एका जाडजूड कॉम्प्युटर मासिकासोबत आलेली.

अडचण अशी होती की लिनक्स बसून झाल्यावर डबा बोलणार होता. बसवताना नाही. बसवायचा पडदा मुका होता, आणि तो कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता. पहिल्या दिवशी ऑस्विन आला. नंतर त्याची कॅनडाची कागदपत्रं आली आणि तो त्या धावपळीत लागला. राहिली ग्लॅडिस.

ती ड्यूटीवरून यायची, युनिफॉर्म न बदलता खुर्ची ओढून बसायची आणि वाचायची. सुरुवातीला तिला काय वाचावं तेच कळत नसे. "वर निळी पट्टी आहे. मध्ये चौकोन. चौकोनात लिहिलंय..."

"पट्टी जाऊ दे. बटणं कुठली आहेत? कुठल्या बटणावर लाल रंग आहे?"

"ओकेवर."

"मग टॅब मारतो. आता?"

"आता कॅन्सलवर गेलं."

पेशंटचा चार्ट वाचावा तशी ती वाचायची, सपाट, शब्दाला शब्द लावून. पार्टिशन म्हणजे काय हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नाही. मासिकात लिहिलं होतं की डिस्कचे भाग पाडा. त्यांनी पाडले. सगळं झाल्यावर मशीन पुन्हा सुरू केलं आणि तो कान लावून बसला.

"काय दिसतंय?"

"एल आणि आय."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एल, आय, आणि रेघ टिमटिमतेय."

तिथेच ते थांबत असे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा एल आणि आय. एकदा वाचता वाचता ग्लॅडिसला डुलकी लागली आणि मार्कस कितीतरी वेळ "पुढे? ग्लॅडिस, पुढे?" म्हणत बसला. मग त्याला तिचा श्वास ऐकू आला आणि तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ऑस्विनने फोनवर सांगितलं की सुरू करणारा प्रोग्राम डिस्कच्या फार मागच्या भागात गेलाय, त्याला पुढे आणा. त्यांनी पुन्हा डिस्क पुसली.

डबा बोलला तेव्हा मार्कस एकटाच घरी होता. इंग्रज माणसाचा, नाकातून येणारा, कसलीही भावना नसलेला आवाज. त्याने मार्कसचं आडनाव असं काही उच्चारलं की ते कुठल्यातरी औषधाचं नाव वाटावं. मार्कस बराच वेळ एकेक अक्षर दाबत राहिला आणि डबा ते अक्षर परत सांगत राहिला.

ऑफिसात त्याला कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. त्याचा कॉम्प्युटर वायरने मोठ्या मशीनला जोडला होता. बेळगावकडचा गुंडू म्हणून एक वयस्क गोदाम-मदतनीस होता. तो आलेल्या मालाच्या स्लिपांवरचे आकडे मोठ्याने सांगायचा, मार्कस टाइप करायचा, आणि डबा इअरफोनमध्ये प्रत्येक भागाचं नाव वाचून खात्री द्यायचा. गुंडूला इंग्रजी शब्द वाचता येत नसत, आकडे आणि कोडची अक्षरं तेवढी येत. तेवढं पुरत होतं. काही महिने हे चाललं. गुरुप्रसाद येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो कोपरा दाखवू लागला.

एकच त्रास होता. वीज गेली किंवा मशीन नीट बंद झालं नाही, तर पुढच्या वेळी ते सुरू होताना मध्येच थांबून काहीतरी विचारत असे, आणि त्या वेळी डब्यात आवाज आलेला नसे. मग मार्कसला कुणाला तरी हाक मारावी लागे. "साहेब, जरा पडदा वाचता का?" हे वाक्य त्याला नकोसं झालं होतं. लोक यायचे, वाचायचे, पण मागून उसासा टाकायचे, आणि तो त्याला ऐकू जायचा.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात नवीन सीडी आली. इंटरनेटवरच्या गटात लोक लिहीत होते की नव्या लिनक्समध्ये आवाज लवकर सुरू करता येतो. मार्कसने ठरवलं की अपडेट करायचं. ऑस्विन तोवर टोरांटोला गेला होता. कंपनीच्या पिकअपमधून गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी कॉम्प्युटर घरी आला, शनिवारी सकाळी तो परत न्यायचा होता.

"रात्री मी आल्यावर करू," ग्लॅडिस गुरुवारी सकाळी म्हणाली. "दोन्ही दिवस माझी दुपारची ड्यूटी आहे."

"तू निघायच्या आत होईल. तू फक्त सुरुवात वाच."

तिने वाचलं. एका पडद्यावर मोठा परिच्छेद आला. मुळातली लायब्ररी बदलत आहे, जुन्यावर बांधलेले प्रोग्राम कदाचित चालणार नाहीत, असं काहीसं. तिने तो सगळा वाचला. मार्कसने मध्येच हात हलवला. "असं ते नेहमीच लिहितात. ओके कर."

सीडीवरच्या फाइली उतरायला लागल्या, टक्के चढायला लागले. ग्लॅडिस कपडे करून दारात उभी राहिली. "संपलं तरी मी येईपर्यंत हात लावू नकोस."

"बरं."

ती गेल्यावर त्याने सीडीचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली, मग एंटर मारला. मशीन पुन्हा सुरू झालं. डिस्क खरखरली, थांबली. तो इंग्रज माणसाची वाट पाहत राहिला. डबा काही बोलला नाही.

त्याने वायर काढून परत लावली. डबा बंद करून चालू केला. चालू होताना तो एकदा स्वतःचं नाव सांगे, ते त्याने सांगितलं. म्हणजे डबा जिवंत होता. मग मशीन? मशीनच्या आत कुणी जागं आहे का, हे कळायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटी शिट्टी असते, ती वाजवायची कमांड त्याला येत होती. त्याने अंधारात नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला, आणि शिट्टीची कमांड दिली.

टूं.

मग त्याने मशीनला प्रश्न विचारायला सुरुवात केली. अमुक फाइल आहे का? असेल तर वाजव. टूं. बोलायचा प्रोग्राम जागेवर आहे का? टूं. तो चालू होतोय का? काही नाही. पुन्हा टाइप केलं, चुकून एखादं अक्षर राहिलं असेल म्हणून. काही नाही. दुपारभर तो त्या मशीनशी असा हो-नाहीत बोलत राहिला, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं त्याला ते गप्प बसत होतं. प्रोग्राम उभा राहत होता आणि लगेच मरत होता. का, ते पडद्यावर लिहून येत असणार. पडदा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.

ग्लॅडिस आली तेव्हा त्याने पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "तू तो परिच्छेद नीट वाचला नाहीस."

तिने पर्स खाली ठेवली. "वाचला. पुरा वाचला. तू म्हणालास, ओके कर."

"जुने प्रोग्राम चालणार नाहीत असं लिहिलं होतं, आणि तू असं वाचलंस की जसं काही..."

"कसं वाचू मग? मार्कस, मी नर्स आहे. दिवसभर उभी असते. तुझे डोळे व्हायचं मी ठरवलं नव्हतं, ते आपसूक झालंय."

मग तिने खुर्ची ओढली आणि पडदा वाचायला लागली, कारण दुसरं काय करणार.

शुक्रवारी सकाळी टेलिफोनची वायर मोडेमला लावून त्यांनी गटाला मेल केला. उत्तर आलं, की बोलायचा प्रोग्राम नव्या लायब्ररीवर नव्याने बांधलेला हवा. तो उतरवायला घेतला तर त्याला आणखी एक हवा होता, आणि त्याला आणखी एक. ग्लॅडिस एकेक नाव वाचत होती, तो ते टाइप करत होता, लाइन मध्येच तुटत होती. एक फाइल जवळजवळ पुरी उतरली आणि कुणाचा तरी फोन आला. ती ड्यूटीला गेली, रात्री आली, पुन्हा बसली. प्रोग्राम बसेना.

"खलास," ती म्हणाली. "उद्या गुरुप्रसादना सांग की मशीन बिघडलंय. चार दिवस रजा घे. आपण करू हळूहळू."

"सांगतो."

शनिवारी पिकअप आली आणि तो कॉम्प्युटर घेऊन निघाला. सांगायचं त्याने खरंच ठरवलं होतं. पण ऑफिसात शिरताच गुरुप्रसादचा आवाज आला, "मार्कस, अच्छा हुआ, बहुत माल पड़ा है," आणि त्याच्याबरोबर कुणी पाहुणे होते, आणि गुरुप्रसाद त्यांना सांगत होता की हा आमचा माणूस दिसत नसून सगळा स्टॉक सांभाळतो. मार्कसने कॉम्प्युटर जोडला. इअरफोन कानात घातले. गुंडू आकडे सांगू लागला.

मेन्यू त्याला पाठ होते. कोड, एंटर, नग, एंटर, एंटर. नऊ वर्षांची बोटं होती. अधूनमधून तो थांबून कान देत असल्यासारखी मान तिरपी करी, नेहमी करायचा तशी. इअरफोनमध्ये काहीही नव्हतं. घरी ग्लॅडिसने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोललो. म्हणाले, सावकाश होऊ दे."

पहिल्याच दिवशी एक असा कोड आला जो मशीनमध्ये नव्हता. अशा वेळी प्रोग्राम विचारतो, नवीन भाग नोंदवू का? तो शिट्टी वाजवत नाही, नुसता विचारतो आणि थांबतो. मार्कसचा पुढचा एंटर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गेला. तिथून पुढे सगळं एक घर सरकलं. एका भागाचे नग दुसऱ्या भागाच्या नावावर पडत गेले. शनिवारपासून मंगळवारपर्यंत तो टाइप करत होता आणि गुंडू सांगत होता, आणि प्रत्येक ओळ चुकीच्या जागी बसत होती.

बुधवारी गोदीत दुरुस्तीला आलेल्या एका जहाजासाठी पंपाचं सील हवं होतं. कॉम्प्युटर म्हणत होता की ते भरपूर आहे. फळी रिकामी होती. कंपनीने ते द्यायचं कबूल केलं होतं, जहाजाचा निघायचा दिवस ठरला होता. दुबईहून सील विमानाने येईपर्यंत जहाज तिथेच अडकून राहिलं. मालकाने गुरुप्रसादला उभं करून जे बोलायचं ते बोलून घेतलं.

गुरुप्रसाद कोपऱ्यातल्या टेबलापाशी आला. मार्कस इअरफोन लावून बसला होता. गुरुप्रसादने ते त्याच्या कानांतून काढले आणि एक स्वतःच्या कानाला लावला.

"इसमें तो कुछ आ ही नहीं रहा," तो म्हणाला.

मार्कसने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"कब से?"

"शनिवार से।"

गुंडू शेजारी स्लिपा हातात धरून उभा होता. त्याला हिंदी समजत होतं. तो हळूच तिथून निघून गेला.

गुरुप्रसादचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मार्कस नंतर ग्लॅडिसला म्हणाला. "शनिवार को बता देते तो मैं छुट्टी दे देता। हफ्ता दे देता। अब मालिक को मैं क्या बोलूँ? कि आप इतने दिन ऐक्टिंग कर रहे थे?"

महिनाअखेरीपर्यंत नोकरी, मग व्हिसा रद्द. ग्लॅडिसच्या नोकरीवर नवऱ्याचा व्हिसा निघतो का, हे तिने हॉस्पिटलच्या ऑफिसात विचारून पाहिलं. तिथल्या बाईने मान हलवली आणि अरबीत नाही म्हणाली, "मफी."

ग्लॅडिसने त्याला खोटं बोलल्याबद्दल विचारलं फक्त एकदा. ती भाजी चिरत होती. "मला तरी सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतं."

"हो," ती म्हणाली. "नसतंच दिलं."

कॉम्प्युटर मार्कसने घरी आणला, कंपनीने तो परत मागितला नाही. दोघं रोज त्याच्यासमोर बसत राहिली. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण ते अर्धवट सोडून दुसरं करायलाही काही नव्हतं. स्कॉटलंडच्या मास्तरांनी मोठा मेल लिहून एकेक पायरी सांगितली होती. ग्लॅडिस वाचायची, तो करायचा. आता ती पट्टी, चौकोन असलं काही सांगत नसे. नेमकी एरर कुठल्या ओळीत आहे ते तिला कळू लागलं होतं. एका मंगळवारी ती स्वयंपाकघरात असताना आतल्या खोलीतून तो नाकातला आवाज आला. डबा पडद्यावर साठलेलं सगळं एका दमात वाचत सुटला होता.

"आला," मार्कस म्हणाला.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि गॅस बारीक करून तिथेच उभी राहिली.

मार्कस एकटाच वसईला परतणार होता, ग्लॅडिस नोकरीसाठी मागे राहणार होती. विमानतळावर चेक-इनच्या माणसाने त्याच्या हातातली काठी पाहिली आणि व्हीलचेअर मागवली.

"माझे पाय चांगले आहेत," मार्कस म्हणाला.

"सर, रूल आहे."

त्याने थोडा वेळ वाद घातला. मागे रांग खोळंबली होती. मग तो बसला. मांडीवर बोलक्या डब्याची पिशवी होती, ती त्याने सामानात टाकू दिली नव्हती. ग्लॅडिसने त्याच्या कॉलरची घडी नीट केली. यल्ला, यल्ला, चला, चला म्हणत एका पोऱ्याने खुर्ची वळवली आणि ढकलत नेली. मार्कसने हात वर करून हलवला, पण तो चुकीच्या दिशेला हलवला, खांबाकडे. ती खांबापाशी जाऊन उभी राहिली. पण तोवर तो आत गेला होता.

वसईला तो भावाच्या घरी मागच्या खोलीत राहू लागला. कॉम्प्युटर जहाजाने आला आणि बरेच महिने खोक्यातच पडून होता. ग्लॅडिस शुक्रवारी फोन करी. तो काय जेवला ते सांगे, कोण वारलं ते सांगे. एकदा म्हणाला की त्याने खोकं उघडलंय. मग चर्चच्या पतपेढीची सभासदांना जाणारी इंग्रजी पत्रं टाइप करायचं काम त्याला मिळालं, मानधनावर. भावाची बायको मजकूर वाचून दाखवी, तिच्या सवडीने.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ग्लॅडिस सुट्टीवर आली. ऑस्विनने टोरांटोहून नवीन सीडी पाठवली होती, ती तिने पर्समध्ये जपून आणली. मार्कस खिडकीकडे पाठ करून बसला होता, इअरफोन लावून. तो बारीक झाला होता. तिने सीडी त्याच्या हातात दिली. त्याने बोटांनी कडा चाचपली.

"नवीन आहे," ती म्हणाली. "मी महिनाभर आहे. रोज बसू. मी वाचते."

त्याने सीडी टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला.

"नको," तो म्हणाला. "आहे ते बोलतंय. बोलू दे."

मग त्याने इअरफोन पुन्हा कानात घातले आणि पत्र जिथे सोडलं होतं तिथून पुढे टाइप करायला लागला. ग्लॅडिस थोडा वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली. चौथ्या ओळीत एक अक्षर चुकलं होतं. ते सांगावं की नाही याचा ती विचार करत होती, तेवढ्यात डब्याने ते वाचलं असावं, कारण त्याची बोटं थांबली, मागे गेली आणि त्याने ते दुरुस्त केलं. ती बॅग उघडायला दुसऱ्या खोलीत गेली.